कार्बाइडची काळी पूड

माझा मोठा भाऊ पुण्यात काय काम करतो, हे आमच्या गल्लीत कुणालाच नीट सांगता यायचं नाही. अम्मा सांगायची, भट्टीवर आहे. ऐकणाऱ्याला वाटायचं, विटांची नाहीतर चुन्याची भट्टी असेल. नायना, म्हणजे आमचे वडील, तो शास्त्रज्ञ आहे म्हणून सांगायचे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायचे. दोघांचंही खरं होतं. अण्णा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला होता. लेथवर लोखंड कापायची हत्यारं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो कार्बाइड नावाच्या, पोलादाहून टणक मालाचे तुकडे भट्टीत तापवून त्यांना गंज कसा चढतो ते बघायचा.

आम्ही तेलुगू विणकर. सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्यांचं घर होतं. घरात तेलुगू बोलायचो, शाळा मराठी. नायना दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमागावर चादरी विणायचे, अम्मा घरी विड्या वळायची, मी डी.एड. करत होते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि माग पुन्हा नीट चालायला लागले होते.

नायनांनी फार आधीपासून ठरवून टाकलं होतं, की मुलगा मागावर उभा राहणार नाही. मागाच्या शेडमध्ये सुताचा बारीक कचरा दिवसभर हवेत तरंगतो. नायना घरी यायचे ते भुवया, पापण्या, कानावरचे केस सगळं पांढरं होऊन. चाळिशी ओलांडलेला बहुतेक प्रत्येक विणकर खोकायचा. अम्माही तंबाखूनं खोकायची. आमच्या गल्लीत खोकल्याला कुणी आजार म्हणत नसे. सकाळी कोण उठलंय ते खोकल्यावरून कळायचं. अण्णाला पुण्यात नोकरी लागली त्या दिवशी नायना शेडमध्ये पेढे घेऊन गेले आणि घरी आल्यावर म्हणाले, आता आपल्यातला एक तरी स्वच्छ हवेत गेला.

एका दिवाळीत अण्णानं रुमालात बांधून दोन तुकडे आणले होते. एक नखाएवढा, करडा, दिसतो त्याच्या मानानं फारच जड. दुसराही तसाच होता म्हणे, पण तो भट्टीतून निघालेला. त्याच्या कडा फुगून आल्या होत्या आणि त्यांवर हिरवट पिवळा भुगा बसला होता. मी बोट लावलं तर कोपरा गळून पडला.

"हा आधी त्याच्यासारखाच होता?" मी विचारलं.

"अगदी तसाच. पोलादावर ओरखडा काढणारा," अण्णा म्हणाला. "पण पोलाद कापताना हत्याराचं टोक लाल होतं. लाल झालं की हवा त्याला खायला लागते."

मग त्यानं समजावून सांगितलं. टंगस्टनचं कार्बाइड एकटं असलं तर ते तापल्यावर असं फुलतं आणि भुगा होऊन गळतं. त्यात टायटॅनियमचं आणि टँटलमचं कार्बाइड मिसळलं, तर वरचा गंजाचा थर घट्ट बसतो आणि आतल्या मालापर्यंत हवा पोचायला वेळ लागतो. मात्र टायटॅनियम जास्त झालं की तुकडा ठिसूळ होतो आणि पहिल्याच धक्क्याला फुटतो. कशात किती मिसळायचं, हे अण्णा शोधत होता. तो तुकडा प्लॅटिनमच्या तारेला बांधून भट्टीत सोडायचा. तारेचं वरचं टोक तराजूच्या दांडीला असायचं. तुकडा हवा खाईल तसं त्याचं वजन वाढायचं आणि अण्णा ते बघत बसायचा. वाऱ्यानं तराजू हलतो म्हणून खोलीला खिडकी असून ती बंद ठेवलेली, पंखाही बंद. मिश्रणाची पूडही तोच त्याच खोलीत तयार करायचा. दळायची, वाळवायची, बारीक चाळणीतून चाळायची. दुसऱ्याच्या हातची पूड त्याला चालत नसे. काजळीपेक्षा बारीक असते, असं तो मोठ्या कौतुकानं सांगायचा.

अम्माला त्या पुडीची ओळख त्याच्या कपड्यांतून झाली होती. सुटीला आल्यावर तो कपड्यांचं गाठोडं टाकायचा आणि त्यातले रुमाल काळे असायचे. सोड्यात भिजवले तरी डाग निघत नसत. अम्मा नळावर बसून घासत राहायची आणि विचारायची, एवढं शिकून कोळशाच्या वखारीत बसतोस काय. अण्णा हसायचा. त्या दिवाळीत हसताना त्याला खोकला आला. कोरडा, बारीक. सुटी संपेपर्यंत तो बराच कमी झाला, आणि अम्मा म्हणाली, सोलापूरची कोरडी हवा मानवली.

त्याच हिवाळ्यात त्याचा साखरपुडा झाला. मुलगी दोन गल्ल्या पलीकडची, माझ्याच वर्गात शिकलेली. तिचे वडीलही विणकर. उन्हाळ्यात लग्न करायचं ठरलं. फाल्गुनात अण्णा रजा घेऊन आला, तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. पूल चढताना तो मध्येच थांबला आणि कठडा धरून उभा राहिला. मला वाटलं, पिशवी जड असेल. पिशवी मी घेतली, तरी तो तसाच उभा होता.

आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला आणि दोन्ही बाजूंचे डाग दाखवले. त्यांनी पत्ता विचारला, वडील काय करतात ते विचारलं, घरात माणसं किती आणि खोल्या किती ते विचारलं. पूर्व भाग, विणकर, दोन खोल्या, वजन उतरलेलं. त्यांचं ठरून गेलं. थुंकी पुन्हा पुन्हा तपासली, ती दर वेळी स्वच्छ आली. अण्णानं ते बोलून दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, जंतू कधी कधी सापडत नाहीत. बाहेर कंपाउंडरनं आम्हाला धीर दिला. "पूर्व भागातला खोकला म्हंजे दुसरं काय असनार? घाबरू नका. क्षयावर आता लई चांगली औषधं निघालीत की."

रोज इंजेक्शन सुरू झालं. ताट-वाटी वेगळी झाली. शेजारच्या बायका आमच्या ओट्यावर बसायच्या, त्या आपापल्या ओट्यावर बसायला लागल्या. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललंही नाही. नळावर अम्माचा नंबर आला की दोघी-तिघी मागं सरकायच्या, एवढंच.

मुलीचे वडील एका सकाळी आले. अम्मानं चहा ठेवला, त्यांनी तो घेतला नाही. साखरपुड्याची साडी आणि नारळ त्यांनी ताटात घालून आणले होते, ते खाली ठेवलं. नायनांना म्हणाले, "तुमचा मुलगा चांगला आहे. पण माझी बहीण या रोगात गेली, ते मी बघितलंय. मुलगी देऊन तेच परत बघायची ताकद माझ्यात नाही."

नायनांनी ताट भिंतीशी सरकवलं. मुलीचे वडील गेल्यावरही नायना तसेच बसून राहिले. आतल्या खोलीत अण्णानं सगळं ऐकलं होतं. मी त्याची समजूत घालायला आत गेले. तोच म्हणाला, की त्यांच्या जागी नायना असते तर त्यांनीही साडी परतच केली असती.

घरी राहून अण्णा सुधारला. ओट्यावरून चौकापर्यंत चालत जायला लागला, भात जास्त खायला लागला. सगळ्यांनी इंजेक्शनांना श्रेय दिलं. कानात रातकिडे ओरडतात अशी तक्रार तो करायचा, पण तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. रजा संपल्यावर तो पुण्याला गेला. पावसाळ्यात परत आला तो आधीपेक्षा वाईट होऊन. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा घर, पुन्हा हळूहळू सुधारणा.

एक दिवस दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि तो भिंतीला टेकून बसला होता. मी सहज म्हणाले, "अण्णा, तू इथं असलास की बरा असतोस. दिवाळीतही तसंच झालं होतं. तेव्हा तर इंजेक्शन नव्हतं."

तो भिंतीपासून पुढं सरकला. मग एकेक सुटी आठवून बोलायला लागला. कधी आलो तेव्हा कसा होतो, जाताना कसा होतो, भट्टी बिघडली होती तेव्हा पूड चाळायचं बंद होतं, त्या दिवसांत खोकला होता का नव्हता. मला ते सगळं कळत होतं असं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला भीती वाटायला लागली. शेवटी तो एकच शब्द म्हणाला, "पूड."

तो पुण्याला जाऊन आपल्या साहेबांशी बोलला. साहेब वाईट माणूस नव्हता, हे तो स्वतःच सांगायचा. त्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की ही पूड जगभर हाताळतात, तिच्यानं क्षय होत नाही. तुमच्या घरी आई तंबाखूत बसते, वडील सुतात उभे असतात, आजार तिथलाच आहे. औषधांचा कोर्स पुरा करा, मग सावकाश या. जागा ठेवतो.

अण्णानं हे घरी सांगितलं तेव्हा अम्मा चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून विडीचं सूप आमच्या घरात दिसलं नाही. आमच्याशी अजून बोलत असलेल्या एका म्हातारीच्या ओट्यावर, उन्हात बसून ती विड्या वळायला लागली. उन्हानं पानं वाळून फुटायची, विडीच्या कारखान्यातला तपासनीस माल बाजूला काढायचा. आम्ही तिला कितीदा सांगितलं, की तंबाखूचा यात संबंध नाही. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि सूप उचलून बाहेर जायची.

अण्णानं ती नोकरी सोडायचं ठरवलं होतं. सोलापूरच्या एका कॉलेजात प्रयोग शिकवणाऱ्याची जागा निघाली. प्राचार्यांनी त्याला ओळखलं, त्यांचाच विद्यार्थी होता तो. सोमवारपासून या म्हणाले, फक्त तब्येतीचा दाखला आणा. दाखला मिळणार कुठून? दवाखान्यात त्याच्या नावापुढं क्षय लिहिलेलं आणि इंजेक्शनं चालू. क्षयाच्या माणसाला मुलांमध्ये उभं करता येत नाही. प्राचार्यांचा नाइलाज झाला. मोहोळच्या एका शाळेतही हेच झालं. अण्णा तिथं थुंकीच्या तपासण्या घेऊन गेला होता. त्या हेडमास्तरांनी नीट वाचल्या आणि परत केल्या.

म्हणून तो पुन्हा पुण्याला गेला. जिथं दाखला मागत नव्हते अशी ती एकच जागा उरली होती. मी त्याला म्हणाले, "जाऊ नकोस. मला नोकरी लागेल, आपण भागवू."

तो ट्रंक बांधत होता. म्हणाला, "तुझ्या नोकरीवर मी घरात बसून काय करू?" मग कडी लावत म्हणाला, "आणि शेवटची मिश्रणं राहिलीत. अर्ध्यावर टाकली तर आजवरचं वाया गेलं."

तोंडाला रुमाल बांधीन, असं त्यानं मला कबूल केलं. त्यानं तो बांधलाही. पण ती पूड रुमालाच्या विणीपेक्षा बारीक होती, आणि हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं.

तिसऱ्या वेळी तो एकटा आला नाही. नायना त्याला घेऊन आले. स्टेशनपासून टांग्यात बसवून आणला तरी ओट्याची पायरी चढताना त्याला दम लागला. बोटांची टोकं गोल, फुगीर झाली होती. मी हाक मारली तर त्यानं मागं बघितलं नाही. मला वाटलं, रागावलाय. मग लक्षात आलं, की इंजेक्शनांनी त्याचं ऐकू येणं गेलं होतं. अगदी तोंडाजवळ जाऊन मोठ्यानं बोललं तर कळायचं.

त्या दिवसांत स्टेशनच्या बाजूला एका डॉक्टरीणबाईंनी दवाखाना काढला होता. छातीच्या आजारांचं त्या मुंबईला शिकून आल्या होत्या. आम्ही तिघं त्याला घेऊन गेलो. बाहेरच्या बाकावर माणसं बसली होती आणि मधे फक्त पडदा होता. बाईंनी फोटो लावायच्या आधी अण्णाला विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

हे आजवर कुठल्याच डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. मी अण्णाच्या कानाशी जाऊन प्रश्न सांगितला. तो सांगायला लागला. दमानं शब्द तुटत होते, तरी त्यानं काही गाळलं नाही. टंगस्टन, टायटॅनियम, टँटलम, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवायला घातलेलं कोबाल्ट. दळणं, वाळवणं, चाळणं. बंद खिडकी. बाई खुर्ची ओढून त्याच्या जवळ बसल्या. सुटीत बरं वाटतं का, कोबाल्ट किती असतं, चाळताना तोंड चाळणीपासून किती अंतरावर असतं, असं बारीकसारीक विचारत राहिल्या. मग सगळे फोटो ओळीनं लावून बघितले.

"असा रुग्ण मी याआधी पाहिलेला नाही, फक्त वाचलंय," त्या म्हणाल्या. "पण हा क्षय नाही. ती पूड आणि त्यातलं कोबाल्ट फुप्फुसांना बाधलंय. इंजेक्शन आजपासून बंद करा."

अम्माला मराठी तोडकंमोडकं कळायचं. क्षय नाही एवढं तिला कळलं आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मला म्हणाली, विचार, आता बरा होईल ना. मी विचारलं. बाईंनी अम्माकडे बघितलं, मग अण्णाकडे. त्यांना वाटलं असावं, हे त्यालाच सांगायला हवं. पण त्याला हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्यांना आवाज चढवावा लागला.

"फुप्फुसं कडक झालीत," त्या म्हणाल्या. "जे कडक झालं ते परत मऊ होत नाही."

पडद्याबाहेरचं बोलणं थांबलं. अण्णानं मान हलवली, जसं एखाद्या प्रयोगाचं उत्तर अपेक्षेप्रमाणेच यावं.

क्षय नाही हे मुलीच्या घरी तरी कळावं, असं अम्माला फार वाटत होतं. लग्न जुळावं म्हणून नव्हे. मुलीचं लग्न आधीच भिवंडीला करून दिलेलं होतं. तरी अम्मा मला घेऊन गेली. मी तिच्या वडिलांना सगळं समजावून सांगितलं. पुडीचं, कोबाल्टचं, डॉक्टरीणबाईंचं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "क्षय असता तर बरा तरी झाला असता."

अम्मा उठली. वाटेत ती माझ्या दोन पावलं पुढं चालत राहिली.

बाईंनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी दम थोडा कमी झाला, पण अण्णाचा चेहरा सुजून गोल झाला. येणारे-जाणारे म्हणायचे, तब्येत सुधारली की. त्याला आडवं पडता येत नव्हतं. पुढं उशी घेऊन, तिच्यावर कोपरं टेकून तो दिवसभर ओणवा बसायचा. माझ्याशी बोलायचा ते बहुतेक कामाचं. कुठलं मिश्रण किती तग धरून राहिलं, कुठल्याचा थर गार होताना तडकला, टँटलम किंचित वाढवल्यावर काय झालं. शेवटची मिश्रणं पुरी झाली होती, याचं त्याला समाधान होतं. मी ऐकत राहायचे. मधे काही विचारलं तर मोठ्यानं विचारावं लागायचं आणि अख्ख्या गल्लीला टँटलम ऐकू जायचं.

तो गोड स्वभावाचा रोगी नव्हता. चिडायचा. एकदा भात मऊ नाही म्हणून त्यानं ताट ढकललं. नायना उचलायला वाकले, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "तुमच्या मागावर उभा राहिलो असतो, तर अजून वीस वर्षं नुसता खोकत राहिलो असतो."

नायनांनी भाताची शितं एकेक करून गोळा केली, ताट बाहेर नेलं आणि ते धुवायच्या निमित्तानं बराच वेळ नळावर थांबले. त्यानंतर ते अण्णाच्या समोर फारसे बसले नाहीत. त्याला झोप लागली की मग येऊन बसायचे.

पुढच्या श्रावणात एका सकाळी मी अण्णाच्या पाठीला तेल लावत होते. त्याला ओणवं बसून बसून पाठीत कळा यायच्या. हाताखाली पाठ वरखाली होत होती, भरभर, उथळ. त्यानं डोकं मागं करून माझ्या खांद्यावर टेकवलं. मला वाटलं, बरं वाटतंय. मी तेल चोळत राहिले. मग माझ्या हाताला कळलं.

माणसं आली. नाही म्हणता येणार नाही. पण खांदा द्यायला आलेल्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. अम्मा दारात उभी राहून एकेकाला सांगत होती, क्षय नव्हता, बाईंनी सांगितलंय, क्षय नव्हता. ते मान हलवत होते आणि फडकी सोडत नव्हते. स्मशानातून नायना परत येऊन बघतात तर गादी आणि उशी कुणीतरी गल्लीच्या टोकाला नेऊन जाळली होती.

त्याची ट्रंक पुण्याच्या खोलीवर राहिली होती. खोली कारखान्याची होती. ती आणायला नायना आणि मी गेलो. साहेब बाहेरगावी होते. शिपायानं ट्रंक आणून दिली. मला ती प्रयोगशाळा बघायची होती. शिपाई कुरकुरला, पण नायनांकडे बघून त्यानं दार दाखवलं.

आत अण्णाच्या जागी एक तरुण मुलगा होता. नुकताच एम.एस्सी. झालेला. आम्ही कोण ते कळल्यावर तो गडबडून उभा राहिला, आमच्यासाठी स्टूल पुसलं. सोलापूरचं नाव ऐकून म्हणाला, मी करमाळ्याकडचा. मग त्याची भाषा मोकळी झाली. त्याचे वडील शेती करायचे आणि घरात एवढा शिकलेला तो एकटाच. अण्णाची सगळी निरीक्षणं मी वाचलीत, त्यांच्याइतकं बारीक काम मला जमत नाही, असं तो मनापासून सांगत होता. मला त्यानं भट्टी दाखवली. तारेला लटकलेला तुकडा दाखवला. खिडकी बंद होती. टेबलावर चाळणी होती आणि तिच्याभोवती काळं.

मी त्याला अण्णाला काय झालं ते सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. तो ऐकता ऐकता चाळणीकडे बघत होता.

"मला हितं क्षय म्हणून सांगितलं," तो म्हणाला.

"क्षय नव्हता."

"मग मी काय करू, ताई? नोकरी सोडू?"

 माझी स्वतःची नोकरी नुकतीच लागली होती, ती कशी मिळते ते मला माहीत होतं. नायना दाराशी उभे होते, ते पुढं आले. त्यांचं मराठी अडखळतं होतं. ते त्या मुलाला म्हणाले, "खिडकी उघड."

"तराजू हलतो, काका."

"हलू दे."

मुलानं खिडकीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग जाऊन त्यानं कडी काढली. फळी फुगली होती, जोर लावावा लागला. वारा आत आला. वर तराजूचा काटा थरथरायला लागला आणि तो मुलगा त्याच्याकडे कासावीस होऊन बघत राहिला. आम्ही असेपर्यंत त्यानं खिडकी लावली नाही. नंतर लावली असणार. त्याचं पुढं काय झालं, ते मला माहीत नाही. मी दोनदा त्याला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. साहेबांनाही लिहिलं. त्यांचं दुःख कळवणारं चार ओळींचं उत्तर आलं.

पुणे स्टेशनवर गाडीला अवकाश होता. ट्रंक मधे ठेवून आम्ही फलाटावर बसलो. मी केळी घेतली, नायनांनी हातात धरली आणि खाल्ली नाहीत. मग त्यांनी विचारलं, "त्या पोराचं लग्न झालंय का?"

"मी विचारलं नाही," मी म्हणाले.

"विचारायला पाहिजे होतं."

गाडी आली. गर्दी नव्हती. ट्रंक बाकाखाली सरकवली आणि आम्ही बसलो.